चिनी पॉवर टूल्स मागवताना: बदलता बाजार, आतला माल आणि न्हावा शेवापर्यंतचा रस्ता

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चार इंची अँगल ग्राइंडर मागा. एकाच आकाराचे, एकच वॅट छापलेले तीन-चार नग काउंटरवर येतात आणि किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो. यातले बरेचसे चीनमधून आलेले असतात, कधीकधी एकाच तालुक्यातून. फरक पडतो तो आतल्या तांब्याचा, गिअरचा, बेअरिंगचा, आणि तो ठरतो ऑर्डर देताना. चिनी कारखाना तुम्ही सांगाल त्या भावात बसेल असा माल बनवून देतो. भाव घासून घेतला आणि आत काय हवं ते लिहून दिलं नाही, तर कुठे काटकसर करायची ते कारखानाच ठरवतो. स्वतःच्या ब्रँडखाली टूल्स मागवू पाहणाऱ्या वितरकांसाठी आणि मोठ्या दुकानदारांसाठी हा लेख आहे.

माल कुठे बनतो

झेजियांग प्रांतातलं योंगकांग आणि शेजारचा वूयी हा जिन्हुआ भागातला पट्टा स्वस्त आणि मध्यम प्रतीच्या टूल्सचा. ग्राइंडर, मार्बल कटर, ड्रिल, त्यांचे आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), गिअर, कास्टिंग, सगळं काही किलोमीटरच्या परिघात मिळतं. म्हणूनच तिथे नवीन मॉडेल झटपट उभं राहतं, आणि नक्कलही तितक्याच झटपट. दुसरा मोठा पट्टा जिआंग्सू प्रांतात, नांतोंगजवळच्या चिडोंगमध्ये. भारतातही विकला जाणारा डोंगचेंग हा ब्रँड तिथलाच. चीनच्या स्वतःच्या बांधकाम बाजारात घासून निघालेला हा माल असल्याने इथल्या कॉर्डेड (वायरवर चालणाऱ्या) टूल्सची सरासरी प्रत योंगकांगपेक्षा बरी असते.

तिसरा थर मोठ्या कंपन्यांचा. नानजिंगच्या चेर्वॉनने २०१३ मध्ये जर्मन टूल कंपनी फ्लेक्स घेतली, पुढे २०१७ मध्ये बॉशकडून स्किल हा टूल ब्रँड घेतला. सूझोऊची पॉझिटेक वर्क्स ब्रँड चालवते. हाँगकाँगची टीटीआय मिलवॉकी या टूल ब्रँडची मालक आहे. मकिताचा कुनशानला आणि बॉशचा हांगझोऊला कारखाना आहे. छोट्या आयातदाराला यांच्याकडे थेट दार नसतं. पण यांना गिअर, स्विच, बेअरिंग पुरवणारे पुरवठादार छोट्या कारखान्यांनाही माल देतात. चांगला भाग हवा असेल तर तो याच भागात मिळतो, फक्त पैसे मोजावे लागतात.

यीवू, निंगबो, हांगझोऊ इथे भेटणारे बहुतेक जण व्यापारी असतात. त्यात वावगं काही नाही. दहा प्रकारचे थोडे थोडे नग एकाच कंटेनरमध्ये भरायचे असतील तर व्यापारीच सोयीचा. फक्त आपण कोणाशी बोलतोय ते माहीत हवं.

बाजार कुठे चाललाय, आणि त्याचा तुमच्या ऑर्डरशी काय संबंध

सगळ्यात मोठा बदल बॅटरीचा. आधी टूल्समधले चांगले लिथियम सेल म्हणजे सॅमसंग, एलजी, सोनी. आता हुइझोऊच्या ईव्ह एनर्जीसारख्या चिनी कंपन्यांचे जास्त प्रवाह देणारे सेल मोठ्या ब्रँडमध्येही बसतात. त्यामुळे बॅटरी पॅक स्वस्त झाला आणि कॉर्डलेस ड्रिल सुताराच्या आणि मॉड्युलर किचनवाल्याच्या आवाक्यात आलं. सोबत ब्रशलेस मोटर आली. तिच्यात कार्बन ब्रश नाहीत, त्यामुळे झीज कमी आणि एका चार्जमध्ये काम जास्त. मात्र तिचं कंट्रोल बोर्ड गेलं तर गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याला ते दुरुस्त करता येत नाही. आर्मेचर भरून देणारा कारागीर प्रत्येक तालुक्याला आहे. बोर्ड मात्र सुटा भाग म्हणून तुम्हालाच ठेवावा लागेल. कॉर्डलेस मागवणाऱ्याने हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

दुसरा बदल बाजारपेठेचा. अमेरिकेने २०१८ पासून चिनी मालावर जादा शुल्क लावायला सुरुवात केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या वर्षीचं जादा शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढलं आणि मे महिन्यात ३० वर उतरलं. मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेसाठीचं उत्पादन व्हिएतनामला हलवायला आधीच सुरुवात केली होती. लहान कारखान्यांना ते परवडत नाही, म्हणून ते आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेकडे वळले. इंगको, टोटल यांसारखे ब्रँड याच बाजारांत पक्के बसलेत. आयातदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पूर्वी दोन हजार नगांखाली न बोलणारा कारखाना आता पाचशेवर चर्चा करतो. ही संधी भाव पाडण्यात घालवू नका. त्याच भावात बेअरिंग, केबल, स्विच वरच्या प्रतीचे मागा.

तिसरा बदल चीनच्या सरकारी धोरणाचा. निर्यातीवर मिळणारा व्हॅट परतावा बॅटऱ्यांसाठी १ डिसेंबर २०२४ पासून १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. म्हणून कोटेशनमध्ये टूल, बॅटरी आणि चार्जर यांचे भाव वेगवेगळे लिहून घ्या, म्हणजे पुढे परतावा बदलला तर वाढ नेमकी कशावर मागितली जातेय ते कळेल. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. यातली काही मोटरच्या चुंबकांत वापरली जातात, म्हणून सुटी चुंबकं आणून ब्रशलेस मोटर इथे जुळवायचा बेत असेल, तर परवान्याची वाट पाहण्याचा वेळ हिशेबात धरा.

पायरी १: मॉडेल नव्हे, आतला तपशील लिहा

कारखाने मॉडेल ओळखतात ते जुन्या नावाजलेल्या टूल्सवरून. २६ मिमी रोटरी हॅमर म्हटलं की बॉशच्या २-२६ ची घडण, मार्बल कटर म्हटलं की हिताचीच्या सीएम४ ची. याचा फायदा असा की आर्मेचर, फील्ड कॉइल (मोटरची स्थिर वेटोळी), गिअर इथल्या बाजारातही सापडतात. पण "२-२६ टाइप" एवढ्यावर ऑर्डर दिली तर काहीही येऊ शकतं. चार इंची ग्राइंडरसाठी तपशीलपत्रात किमान एवढं हवं:

- डिस्क १०० मिमी, स्पिंडल एम१०, २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, प्रत्यक्ष मोजलेले वॅट आणि नो-लोड, म्हणजे मोकळं फिरतानाचे, आरपीएम (या आकारात साधारण ११,०००).
- आर्मेचर आणि फील्ड दोन्ही शुद्ध तांब्याचे. तारेची जाडी मिमीमध्ये, लॅमिनेशनच्या थराची, म्हणजे मोटरमधल्या पोलादी पत्र्यांच्या थप्पीची, लांबी मिमीमध्ये.
- आर्मेचरच्या वाइंडिंगवर एपॉक्सीचा थर. आपल्याकडे ग्राइंडरने दगड, टाइल, काँक्रीट सगळं कापतात. ती धूळ पंख्यामार्फत आत ओढली जाते आणि वाइंडिंगचा वार्निश घासून काढते.
- गिअर कापीव स्टीलचे की सिंटर्ड (धातूची पूड दाबून भाजलेले), ते स्पष्ट.
- बेअरिंगचा नंबर आणि बनावट, प्रत्येक जागेसाठी वेगळी.
- केबलचा छेद, लांबी आणि रबर की पीव्हीसी. प्लग आयएस १२९३ या भारतीय मानकाचा, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) चिन्हासह.

वॅटच्या आकड्याबद्दल गाफील राहू नका. ६५० वॅटच्या मशीनवर १,२०० छापायला काहीच खर्च येत नाही, आणि ग्राहक आकडा पाहून घेतो म्हणून कारखाना स्वतःहून विचारतो, "किती छापू?" खरा आकडा छापा. जास्त वॅट वाचून गडी जास्त दाबतो आणि आर्मेचर जळून तुमच्याकडेच परत येतं.

पायरी २: कारखाना आहे की व्यापारी, ते पडताळा

व्यवसाय परवान्याची प्रत मागा. तिच्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो आणि व्यवसायाच्या क्षेत्रात उत्पादन की फक्त विक्री ते लिहिलेलं असतं. कंपनीचं नाव, परवान्यावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव तिन्ही एकच हवीत. व्हिडिओ कॉलवर वाइंडिंग लाइन, असेंब्ली आणि टेस्टिंग टेबल दाखवायला सांगा. योंगकांगमधले अनेक कारखाने फक्त असेंब्ली करतात आणि मोटर बाहेरून घेतात. तेही चालेल, पण मग मोटर कोणाची ते करारात हवं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर ग्वांगझोऊच्या कँटन फेअरचा पहिला टप्पा धरा. तो दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या मध्यात असतो आणि हार्डवेअर-टूल्स त्यातच येतात. योंगकांगचं हार्डवेअर प्रदर्शन सप्टेंबरमध्ये भरतं. तिथून कारखान्यात गाडीने जाता येतं हा त्याचा खरा फायदा.

पायरी ३: नमुना उघडा

तीन नमुने मागवा. एक चालवायला, एक फोडायला, एक सीलबंद ठेवायला. तिसऱ्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, पुढे वाद झाला तर तोच साक्षीदार.

चालवायच्या नगाला वॅटमीटर लावा आणि छापलेल्या वॅटइतका लोड देऊन सलग ३० मिनिटं चालवा. स्वस्त नगाला इथेच वास सुटतो. नंतर गरम असतानाच ५०० व्होल्टच्या मेगरने प्लगची पिन आणि स्पिंडल यांच्यातला इन्सुलेशन रोध मोजा. दुहेरी इन्सुलेशनच्या टूलला ७ मेगाओहमपेक्षा कमी चालत नाही. ओल्या स्लॅबवर अनवाणी उभं राहून हे मशीन चालवणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवा आणि या एका चाचणीवर कधीच तडजोड करू नका.

फोडायच्या नगात आधी फील्ड कॉइलचं एक टोक कापा आणि तार कानशीने घासा. आत चंदेरी रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. खात्री हवी तर टॉर्चच्या ज्योतीत धरा: अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळून लोंबतं, तांबं लाल होतं पण तसंच राहतं. मग व्हर्नियरने लॅमिनेशनची लांबी आणि तारेची जाडी मोजून तपशीलपत्राशी ताडा. नमुन्यात ४० मिमी आणि मालात ३५ मिमी ही नेहमीची युक्ती आहे. बाहेरून काही कळत नाही, पण पोलाद आणि तांबं दोन्ही वाचतं, आणि मशीन लवकर तापतं.

गिअरच्या दातावर कानस फिरवा. नीट कडक केलेल्या दातावर ती घसरते. चावली, तर पृष्ठभाग मऊ आहे. गिअरबॉक्समध्ये ग्रीस नुसतं पुसल्यासारखं लावलंय का तेही बघा. रोटरी हॅमर असेल तर पिस्टन आणि स्ट्रायकरवरच्या ओ-रिंग तपासा. हलक्या रबराची रिंग तापल्यावर सैल पडते आणि ड्रिल फिरतं पण ठोकत नाही. "गरम झालं की मारत नाही" या तक्रारीत पहिला संशय याच रिंगवर घ्या.

पायरी ४: बॅटरीचे खरे आकडे

टूलच्या पॅकमध्ये बहुधा पाच सेल एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले तर १८ व्होल्ट, पूर्ण चार्जला ४.२ धरले तर २१. म्हणजे १८ व्होल्ट, "२० व्होल्ट मॅक्स" आणि "२१ व्होल्ट" ही एकाच पॅकची तीन नावं. बाजारात ४८, ८८, १२८ असे आकडे छापलेले पॅक सर्रास दिसतात. पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावा, तो २१ च्या आसपासच थांबेल. असा आकडा तुमच्या ब्रँडवर छापू नका, आज ना उद्या कोणीतरी मीटर लावणारच.

अँपिअर-अवर तपासायला वजनकाटा पुरतो. १८६५० आकाराचा सेल साधारण ४५ ग्रॅमचा, २१७०० आकाराचा ७० च्या आसपास. १८६५० चे दहा सेल असलेला पॅक ६०० ग्रॅमच्या पुढे जातो, पाच सेलचा ३५०-४०० ग्रॅममध्ये राहतो. ३८० ग्रॅमच्या पॅकवर "६ अँपिअर-अवर" लिहिलं असेल तर ते खोटं आहे. पक्कं मोजायचं तर इलेक्ट्रॉनिक लोड लावून ५ अँपिअरने १५ व्होल्टपर्यंत रिकामा करा आणि लागलेले तास पाचाने गुणा.

पॅक उघडल्यावर तीन गोष्टी बघा. सेलवर कंपनी आणि मॉडेल नंबर छापलेला आहे का. तापमानाचा थर्मिस्टर आहे का. आणि बोर्ड प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं वाचतं की फक्त दोन टोकांचं. प्रत्येक सेल वेगळा वाचला जात नसेल तर एक सेल मागे पडत जातो, बाकीचे जास्त चार्ज होतात आणि सहा महिन्यांत पॅक बाद. चार्ज होताना आग लागण्याचा धोकाही याच पॅकमध्ये.

एक हिशेब मागवण्याआधी करा: १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. १०० वॅट-अवरच्या आत वाहतुकीचे नियम बरेच सैल असतात. ६ अँपिअर-अवरचा पॅक १०८ वर जातो आणि पूर्ण क्लास ९ धोकादायक माल ठरतो. पहिल्या ऑर्डरला ४ किंवा ५ वर थांबा.

पायरी ५: करार, पैसे, ट्रेडमार्क

३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के तपासणी पास झाल्यावर, ही रूढ पद्धत. बाकी रक्कम "माल तयार झाल्यावर" असं लिहू नका, "तपासणी अहवाल मान्य झाल्यावर" असं लिहा. मध्येच ईमेलवर "आमचं खातं बदललंय" असा निरोप आला, तर आधी फोनवर ओळखीच्या माणसाशी बोला. अशा बनावट ईमेलने पैसे गेले की ते परत मिळणं फार कठीण असतं.

ब्रँडचं नाव भारतात वर्ग ७ मध्ये नोंदवा, आणि चीनमध्येही. तिथे आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो. दुसऱ्या कोणी तुमचं नाव तिथे नोंदवून कस्टमकडे दाखल केलं, तर तुमचाच माल चिनी बंदरावर अडू शकतो. नावाजलेल्या ब्रँडचा रंग आणि अक्षरवळण उचलून माल बनवून घेऊ नका. न्हावा शेवाला ब्रँडधारकाच्या नोंदीवरून कस्टम असा माल रोखून धरतं.

वेळेचं गणित चिनी नववर्षाशी जोडलेलं आहे. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत कारखाने बंद होतात. बंदच्या आधीचे दोन-तीन आठवडे घाईचे आणि नंतरचे नव्या कामगारांचे. दोन्हीत दोष वाढतात. दिवाळीच्या सुमारास ऑर्डर पक्की करून डिसेंबरमध्ये माल निघेल असं बघा.

पायरी ६: तपासणी

तिसऱ्या पक्षाचा निरीक्षक नेमा आणि आयएसओ २८५९-१ चं (लॉटमधले किती नग उचलून तपासायचे ते सांगणारं) कोष्टक करारातच लिहा. १,००० नगांच्या लॉटला सामान्य पातळी २ ने ८० नग उचलायचे. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (दोषांची मान्य मर्यादा) २.५ धरला तर ५ पर्यंत मान्य, ६ ला लॉट नापास. किरकोळ दोषांसाठी ४.० धरला तर ७ मान्य, ८ ला नापास. शॉक लागणे, गार्ड न बसणे, स्विच अडकून मशीन चालू राहणे यांना शून्य. ८० पैकी दोन नग फोडून तारेची जाडी आणि लॅमिनेशन सीलबंद नमुन्याशी ताडायला सांगा. हे लेखी नसेल तर निरीक्षक फक्त रंग, बारकोड आणि खोके तपासून निघून जाईल.

पायरी ७: जहाज आणि कागद

एफओबी (जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) निंगबो किंवा शांघाय घ्या आणि फॉरवर्डर, म्हणजे पुढची वाहतूक लावून देणारा, आपला ठेवा. बॅटरी सुटी असेल तर धोकादायक मालाचा क्रमांक यूएन ३४८०, टूलसोबत असेल तर यूएन ३४८१; शिवाय यूएन ३८.३ या बॅटरी-वाहतूक चाचणीचा अहवाल आणि एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) दोन्ही लागतात. बॅटरी न सांगता कंटेनरमध्ये सरकवण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथेच थांबा, जहाजावरच्या आगी अशाच लागतात.

कस्टमच्या वर्गीकरणात टूल्स ८४६७ खाली: ड्रिल ८४६७२१, करवती ८४६७२२, बाकी इलेक्ट्रिक टूल्स ८४६७२९. सुटी लिथियम बॅटरी मात्र ८५०७६० खाली. शुल्काची रचना लक्षात ठेवा. सोयीसाठी सीआयएफ किंमत (माल, विमा आणि जहाजभाडं मिळून) १,००० रुपये आणि बेसिक ड्यूटी १० टक्के धरू. ड्यूटी १००, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १०, मग १,११० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १९९.८०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पहिले दोन खर्चातच जातात. त्या दिवशीचा खरा दर कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्या.

माल निघण्याआधी हातात हवं ते: डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयात-निर्यात कोड, बॅटरी पॅक आणि आतला सेल दोन्हींची आयएस १६०४६ खालची बीआयएस नोंदणी, ई-कचरा आणि बॅटरी-कचरा नियम २०२२ खालची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची नोंदणी, कारण आयातदारही तिथे उत्पादक मानला जातो, आणि खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, मूळ देश. बीआयएसची नोंदणी कारखान्याच्या पत्त्यावर असते. पत्ता बदलला तर ती चालत नाही. गुणवत्ता नियंत्रण आदेशांची (बीआयएस चिन्ह सक्तीचं करणाऱ्या सरकारी आदेशांची) यादी बदलत राहते, म्हणून प्रत्येक ऑर्डरआधी बीआयएसच्या संकेतस्थळावर आपलं टूल त्यात आलंय का ते पाहा.

पायरी ८: सुटे भाग त्याच कंटेनरमध्ये

५०० ग्राइंडरसोबत निदान २५ आर्मेचर, १० फील्ड कॉइल, २५ स्विच, २५ गिअर जोड्या आणि ३०० जोड्या कार्बन ब्रश घ्या. कॉर्डलेस असेल तर टूल्सच्या पाच टक्के कंट्रोल बोर्ड आणि तेवढेच चार्जर. सगळे भाग सुटे करून दाखवणारं, क्रमांकांसह रेखाचित्र मागून ते मराठी-हिंदी नावांनिशी दुरुस्तीवाल्यांना द्या. परत आलेल्या प्रत्येक नगाची नोंद ठेवा: लॉट नंबर, काय गेलं, किती दिवसांनी, कोणत्या कामावर. आर्मेचर जळण्याचं प्रमाण एकाच लॉटमध्ये जास्त दिसलं तर त्यातला एक उघडा, लॅमिनेशन मोजा आणि फोटोसह कारखान्याला पाठवा. पुढच्या ऑर्डरचा आगाऊ हप्ता त्याचं उत्तर आल्यावरच भरा.